दुसऱ्यांदा बघणं

३ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघे दुखतात आणि तरी स्टुलावर चढून माळा आवरतेस, कमाल आहे तुझी!

गेल्या आठवड्यात सहा वर्षांची एक मुलगी आणली होती. झोपाळ्यावरून कठड्यावर आदळलेली. उजव्या कुशीत दुखत होतं, लघवी चहाच्या रंगाची. अंगाला हात लावू देईना. मग तुझी युक्ती केली. सोनोग्राफीचं जेल तळहातात उबवलं, तिला आईच्या मांडीवर घेतलं आणि पडद्यावर स्वतःचं मूत्रपिंड शोधायला लावलं. मग बाईंनी कुशीवरून प्रोब मुकाट फिरवू दिला! सुट्टीतल्या दुपारी तुझ्या त्या अंधाऱ्या सोनोग्राफीच्या खोलीत मी चित्रं छापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर मांजरं काढत बसायचे, त्याची फार आठवण आली. ते दिवस पुन्हा यायचे नाहीत.

सोनोग्राफी स्वच्छ होती. आईवडील घरी निघाले होते, पण मी अडवलं. लघवीत रक्त असेल तर पहिल्या चित्रावर विसंबायचं नाही, हे तूच शिकवलंस. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मूत्रपिंडाभोवती रक्त साकळलेलं. ती आता अंथरुणात सक्तीची विश्रांती घेतेय आणि नर्सना पिडतेय. मूत्रपिंड वाचेल असं मोठे डॉक्टर म्हणतात.

पुढच्या महिन्यात नव्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवणार आहे. तुझं नाव घेऊन सांगू ना?

तुझ्या मायेची हावरी,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. पण माझं नाव घेऊ नकोस.

सहा वर्षांची असताना तू माझ्याकडे राहायला आली होतीस आणि मागच्या भिंतीवरून पडलीस. लघवी लालसर झाली. मीच सोनोग्राफी केली. स्वच्छ दिसली, म्हणून निर्धास्त झाले आणि तुला आइस्क्रीम आणून दिलं. पुन्हा बघितलंच नाही. वर्षाने बघितलं तर डावं मूत्रपिंड आक्रसलेलं, कडेला खाच. ताईला सांगितलं, जन्मतःच लहान आहे. तुझी आई गेली ती हेच खरं मानून.

दुसऱ्यांदा बघायचं मी शिकले ते तुझं नुकसान करून. तोंडाने सांगायचा धीर इतक्या वर्षांत झाला नाही. रागावलीस तर तो तुझा हक्क आहे, पण पत्र टाकत राहा गं.

तुझी अपराधी
मावशी

१९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मला माहीत होतं.

सोनोग्राफी शिकताना पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांवरच सराव करायचो. मैत्रिणीने माझ्या डाव्या कुशीवर प्रोब ठेवला, पडद्यावर खाच दिसली आणि तिने सरांना हाक मारली. जन्मतः लहान असतं ते सगळीकडून सारखं लहान असतं, त्याला खाच नसते. लहानपणी कधी पडली होतीस का, असं सरांनी विचारलं. भिंत आठवली, आइस्क्रीमही आठवलं.

त्या वर्षी माझी पत्रं दोन-दोन ओळींची यायची, आठवतं? तू समजलीस की अभ्यास वाढलाय. खरं तर फार राग आला होता. तुझ्या चुकीचा नाही, आईला खोटं सांगितल्याचा. मग एकदा तुला काम करताना बघितलं. एका पोराला तू तिसऱ्यांदा बोलावलं होतंस आणि त्याचा बाप तुझ्यावर ओरडत होता. तू खाली मान घालून पुन्हा प्रोब लावलास. तेव्हा राग गेला.

नाव मी घेणारच. पण सगळं सांगणार, भिंतीपासून. म्हणून तू ये. वर्गाच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर मी झोपणार आहे आणि प्रोब तू धरायचास. मुलांना ती खाच तूच दाखव.

वाट बघतेय,
तुझी ठमी