रविवार एक, छंद चार

९ ऑक्टोबर १९६६, रविवार

आजचाही रविवार गेला! सकाळी बासरी काढली. दोन सूर लागले न लागले तोच कॅमेरा आठवला – ऊन चांगलं होतं. कॅमेरा घेऊन निघालो तर वाटेत पुनाराम मास्तर. त्यांच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडलेलाच. घरी आलो चार वाजता. फोटो एकही नाही, डाव हरलेला, आणि भात थंडगार.

सहा दिवस भरवेलीच्या खाणीत हजेरी लिहायची. उरतो हा एक दिवस. त्याचे तुकडे तरी किती करू?

११ ऑक्टोबर

बायको ललिता म्हणते, "एक काय ते धरा न बाप्पा!" बरोबर आहे. पण कोणतं, ते तीही सांगत नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

आज ठरवूनच बसलो – दोन सोडायचे, एक ठेवायचा. तेवढ्यात भोजराज आला. कॉलनीतली नाटकं तोच बसवतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत यंदा दंडारीच्या नाचगाण्याऐवजी नाटक करायचं म्हणे. "राजाचं काम तुलेच करा लागते, टिकाराम. असा आवाज दुसऱ्या कोनाचा हाये?"

मी हौ म्हणालो. काहून म्हणालो? सोडायला बसलो होतो, चौथा जोडून उठलो!

२४ ऑक्टोबर

राजाची भाषणं सतरा पानं. पाठ होता होत नाहीत. पोरगी निजली की ललिता चुलीपाशी वही मांडीवर घेऊन बसते. मी अडलो की पुढचं वाक्य सांगते – वहीत न पाहता! मदत होते, पण रागही येतो.

६ नोव्हेंबर, रविवार

तालमीला एक तास उशीर. भोजराज सगळ्यांसमोर बोलला. बासरीला महिनाभर हात नाही. कॅमेऱ्यातली फिल्म बहुतेक वाया गेली. वैताग!

१८ नोव्हेंबर

पुनाराम मास्तरांनी बालाघाटच्या बुद्धिबळ स्पर्धेत परस्पर माझं नाव देऊन टाकलं. कधी? येत्या रविवारी. मंडईच्याच दिवशी!

नाटक पाचला. स्पर्धा अकराला. दोनला मोकळा होईन, सायकलने तीनपर्यंत घरी. जमतं.

ललिता म्हणाली, "नका जाऊ." मी ऐकलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

कालचं लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

अकराची स्पर्धा साडेबाराला सुरू झाली. पहिला डाव जिंकलो. तिथेच उठायचं होतं. दुसरा डाव लालबर्ऱ्याच्या एका मुनीमजीशी. एका चालीला वीस मिनिटं घेणारा माणूस! चार वाजले. हार मानून निघता आलं असतं. पण माझा एक घोडा जास्त होता – वाटलं, आता जिंकतो, मग जिंकतो. पावणेसहाला हरलो.

सायकल हाणत आलो. लांबूनच कळलं, नाटक सुरू आहे. गर्दी गप्प. रंगमंचावर राजा उभा – माझा फेटा, माझा अंगरखा, काजळाच्या मिशा – आणि माझं भाषण बोलतोय. आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द स्पष्ट. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कोन्या गावचा गडी हाये हा? मस्त बोलून राह्यला!"

बोलताना मान जराशी डावीकडे कलली, आणि मी ओळखलं. ललिता!

मागच्या बाजूला गेलो. भोजराजने बखोटंच धरलं. "कोठी मेला होतास? लोकं उठून चालले होते. वयनीच पुढं आल्या. म्हने, मले येते सारं."

शेवटी त्याने तिचं नाव पुकारलं. टाळ्या – थांबेचनात. मला टाळी वाजवता आली नाही. तिथून हलताही आलं नाही.

घरी येताना तीच म्हणाली, "सातवं पान मी गाळलं. लय लांबलं होतं."

२४ नोव्हेंबर

हजेरीच्या खिडकीशी मजूर विचारतात, "राजासाहेब कसे हायेत?" माझ्याबद्दल नव्हे, तिच्याबद्दल! चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. राग तिचा की माझाच, कळत नाही. खरं म्हणजे सातवं पान मलाही लांबच वाटायचं.

२७ नोव्हेंबर, रविवार

भोजराज नव्या नाटकाची वही घेऊन आला. मी खुर्ची दिली. म्हटलं, "या खेपेला वेळेवर येईन." तो खाली पाहत म्हणाला, "तुह्यासाठी नाही आलो. वयनीले विचाराले आलो."

ललिता बाहेर आली. हात पुसले, वही घेतली, चाळली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रविवारी पोरीले तुमी पाहा. स्वयंपाकबी."

लग्नाला नऊ वर्षं झाली. आज पहिल्यांदा तिने माझ्याजवळ काही मागितलं.