आत कुणीच नव्हतं

प्रिय पोरी,

माझा गुडघा बरा आहे, गोळ्या वेळेवर घेते, त्यामुळे त्याची चौकशी नको. हे फोनवर जमलं नसतं. मी बोलायला लागले की तू गप्प होतेस, आणि तू गप्प झालीस की मला रडू येतं.

परवा दादा मला बळेच बाहेर घेऊन गेला. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्या ह्या भावाला जुन्या दफनांचं वेड लागलंय, तुला ठाऊकच आहे. माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेले दगडांचे ढीग, भोवती शिळांची गोल कडी, मध्येच माणसाहून उंच उभे दगड. कुणाला त्यांची पडलेली नाही. एक ढीग खडीसाठी निम्मा उपसून नेलाय, उभ्या दगडांवर ऑइलपेंटने बदाम काढलेत, जिकडेतिकडे बाटल्यांच्या काचा. दादा शिव्या घालत काचा वेचत होता आणि मी आपली पिशवी धरून त्याच्या मागे.

शिळांच्या एका कड्यापाशी तो थांबला. म्हणाला, हे पूर्वी अभ्यासकांनी उकरलं होतं. मडकी निघाली, कुऱ्हाड निघाली, मणी निघाले. हाडं मात्र नाहीत. मी म्हटलं, कोल्ह्यांनी नेली असतील. तर म्हणाला, "खात्रीने कोण सांगणार? पण मला वाटतं, ह्या घरचं माणूस परत आलंच नसावं. वाट बघून बघून शेवटी त्याच्या वस्तूच ठेवल्या असतील." बोलून गेला आणि जीभ चावली त्याने.

मी पिशवी खाली ठेवून तिथेच बसले. लेकाची बोट बुडाली असं कंपनीने कळवलं तेव्हा मी त्यांच्या माणसाला दारातून हाकललं होतं. तुला रडू दिलं नव्हतं. इतकी वर्षं त्याचे न घातलेले शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात लावतेय. तिथे मात्र ओक्साबोक्शी रडले. एवढाले धोंडे वाहून आणताना त्या घरची आई काय पुटपुटत असेल गं?

काल पुन्हा गेलो. तू घेतलेला त्याचा निळा शर्ट नेला. त्या कड्यांपासून लांब, ओढ्याकाठी दादाने खड्डा केला. शर्ट ठेवला, वर दोघांनी दगड रचले. मग मी मोठ्याने म्हटलं, माझा मुलगा गेला. दादा पाठ फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलताना दिसले.

तुझ्या आईचा फोन आला होता. तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांबद्दल तिने सगळं सांगितलं. माणूस भला आहे, थांबायलाही तयार आहे, पण "सासूबाई अजून वाट बघतायत, मी कशी पुढे जाऊ" म्हणून तू नकार देणार आहेस. देऊ नकोस. मी आता वाट बघत नाही. मला जड जाईल, खोटं कशाला बोलू? लग्नाला यायचा धीर होईल की नाही, तेही आज सांगता येत नाही. पण तू हो म्हण.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
आई