बत्तीस बोअर आणि ती पोरगी

बाबा,

गेल्या शनिवारी इथे आयर्लंडात, नावन गावाजवळच्या शूटिंग रेंजवर चहाच्या वेळी दोघा आयरिश बाप्यांची जुंपली. चोर घरात शिरला तर कुठली गोळी त्याला आडवा करेल, नऊ एमएम की त्याहून जाड? या देशात स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचं लायसन्स मिळत नाही, आम्ही सगळे कागदी टार्गेटवर बारीक पॉइंट टू-टूच्या गोळ्या झाडणारे. पण गप्पांना कुठे लायसन्स लागतं! मी मध्येच बोलून गेले, "गोळी केवढी ते नंतर बघा. आधी ती जाते कुठे ते बघा." कोच म्हणाला, ग्रँड, म्हणजे इथलं 'झकास', हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी. ते पोलिसांना नेमबाजी शिकवायचे.

शिकवायचे खरे, पण मला नाही. ते वाक्य तुम्ही सांगायचात त्या पोरीला, तुमच्या लाडक्या ट्रेनी कॉन्स्टेबलला. अजून डोळ्यांसमोर आहे, दर रविवारी ती हॉस्टेलवरून आपल्या क्वार्टरवर येते, आई तिला गरम पोळ्या वाढते, आणि मग अंगणात तुम्ही तुमच्या बत्तीस बोअरच्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर रुपया ठेवता. घोडा ओढायचा, रुपया पडता कामा नये. ती कुरकुरते, एवढ्याशा गोळीने काय होणार, सर? तुम्ही ते वाक्य म्हणता आणि तिचं मनगट सरळ करता. मी लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते. एकदा धीर करून बाहेर आले, तर केवढ्याने खेकसलात, "आत जा. हा खेळ नाही." तेव्हा ती हसली का, आठवत नाही. मला मात्र ती हसलेलीच दिसते. नुसता जळफळाट व्हायचा. चाळिशी उलटली तरी होतो.

तुम्ही गेल्यावर ती इन्स्पेक्टर झाली. सुरा घेऊन अंगावर आलेल्या माणसाला तिने एका गोळीत थांबवलं, आणि मुलाखतीत सगळं श्रेय तुम्हाला दिलं. इथे ल्यूकनमध्ये भांडी घासायची सोडून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसले. तुमचा रुपया, तुमचं वाक्य, सगळं तिच्या तोंडून. ती म्हणते, सरांचा हात अजून मनगटावर जाणवतो. माझ्या वाट्याला काय, तर 'आत जा'. म्हणून तर या वयात क्लबात नाव घातलं. नवरा विचारतो, हे काय नवीन खूळ? त्याला काय सांगू?

परवा तुमच्या तिथीला तिचा मेसेज आला. लिहिलं होतं, "ताई, तेव्हा तुमचा फार हेवा वाटायचा. मला फक्त रविवार मिळायचा. तुम्ही तर सरांच्या घरातच. तुम्हाला त्यांनी केवढं शिकवलं असेल!"

बाबा, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खरं काय ते तिला कळवायला हवं होतं. तुम्हाला हे कुठे पोचणार आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. मी तिला लिहिलं, "हो, खूप शिकवलं."