कोंदट जागेतलं कुटुंब

३ तारीख, सोमवार

लागली एकदाची नोकरी! मावशीला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, आता दिवसभर माझं डोकं खायला कोणी नाही. आणि लगेच माझ्या डब्याची काळजी करत बसली. आई गेल्यापासून हिनेच मला वाढवलं, त्यामुळे टोमणे आणि माया दोन्ही एकाच ताटात येतात.

ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर आहे. घरं विकून देणारी एजन्सी. माणसं तीनच. साहेब, जे फोनवर बोलताना कधी बसत नाहीत. टपालकाका, पोस्टातून निवृत्त झालेले, पाकिटं गल्लीवार लावून त्यांना रबरबँड घालणारे. आणि आता मी, पत्रं लिहिणारी. घरमालकांना पत्रं पाठवायची आणि घर विकायला काढा म्हणून गळ घालायची, हे माझं काम. थोडक्यात, गोड बोलायचं. ते तुला उपजतच येतं, असं मावशीचं मत आहे.

५ तारीख, बुधवार

आधीच्या बाईंचं पत्र वाचलं. ‘आमच्याकडे अनेक इच्छुक ग्राहक आहेत.’ अहो, हे कोण वाचणार? सरळ केराच्या टोपलीत जायचं! मी आपलं एक कुटुंबच उभं केलं. नवरा-बायको, दोन मुली, काठी टेकत चालणारे आजोबा. शेवटी हुकमी ओळ टाकली: ‘सध्या हे पाचजण अत्यंत कोंदट जागेत दिवस काढत आहेत. हात पसरायलाही जागा नाही. आपल्या गल्लीत त्यांना घर मिळेल का?’ लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले, काय सांगू.

साहेब खूश. असं कुटुंब खरंच आहे का, असं विचारलं तर हसले. आधी घर मिळू दे म्हणाले, घ्यायला माणसं काय, पैशाला पासरी मिळतील.

आज पहिली पाचशे पत्रं गेली. या धंद्यात यादीत आपलाही एक पत्ता घालतात, म्हणजे पत्र कधी पोचलं, धड पोचलं का, ते घरबसल्या कळतं. मी आमच्या घराचा घातला.

१० तारीख, सोमवार

पत्र आज घरी पोचलं. घडी जरा चुरगळली होती, बाकी उत्तम.

मी ऑफिसमधून येईपर्यंत मावशीने ते तीनदा वाचलेलं. म्हणाली, अगं, हात पसरायला जागा नाही गं बिचाऱ्यांना, आपली मागची खोली पडूनच आहे, बोलाव त्यांना. मी पोट धरून हसले. ती माणसं मीच रचली आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मग चिडली. खोटं लिहायचं तर लिही, पण इतकं चांगलं कशाला लिहितेस, म्हणाली. मला आपलं बरंच वाटलं. ही शाबासकीच म्हणायची!

१२ तारीख, बुधवार

पहिला फोन आला. कोपऱ्यावरच्या घरात एक शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहतात, त्यांचा. म्हणाल्या, तुमचं कुटुंब येऊन घर बघून गेलं हो, फार सालस माणसं.

मी म्हटलं, कोणतं कुटुंब? तर त्या म्हणाल्या, पत्रातलंच की. दोन मुली, काठीवाले आजोबा. मुली मात्र सारा वेळ हात अंगाशी घट्ट धरून उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसेनात.

दुसऱ्या एजन्सीचा चावटपणा असणार. साहेबांना त्याचं काही नाही, त्यांनी उरलेली दोन हजार पत्रं छापायला टाकली.

१४ तारीख, शुक्रवार

जाहिरातीसाठी फोटो काढायला साहेबांबरोबर शिवणवाल्या बाईंकडे गेले. दार एका पुरुषाने उघडलं. मागे बायको, दोन मुली, आजोबा. मी लिहिले तसेच, उंचीसकट. बाई कुठे आहेत, विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, आमच्या जागेत राहायला गेल्या, आम्ही अदलाबदल केली.

शिलाई मशीनवर अर्धं पोलकं तसंच होतं. सुई कापडातच रुतलेली.

तिथून पुढच्या गल्लीत दुसऱ्या घरी गेलो. तिथेही दार त्याच पुरुषाने उघडलं. तेच आजोबा, तीच काठी. जिना उतरताना मी साहेबांना म्हटलं, ही तीच माणसं आहेत. साहेब म्हणाले, घरं बघून बघून सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसायला लागतात, होईल सवय.

१७ तारीख, सोमवार

सकाळी ऑफिसात फोन. शिवणवाल्या बाई. आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा. म्हणाल्या, इथे फार कोंदट आहे हो, हात वर होत नाही, आणि माणसं येतच आहेत. तुम्ही कुठे आहात, असं मी ओरडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच तर लिहिलंय, तुम्हाला ठाऊक असेल.

मला नाही ठाऊक. मी जागा कुठे आहे ते लिहिलंच नव्हतं. खिडकी नाही लिहिली, दार नाही. नुसती कोंदट लिहिली.

धावत टपालकाकांकडे गेले. दोन हजारांची पोती सकाळीच पोस्टात पोचवून आले होते. म्हणाले, पेटीत पडलेलं पत्र पाठवणाऱ्याचं राहत नाही, पोरी.

आणि आमचा पत्ता पहिल्या पाचशेत आहे. मीच घातलाय. कसली अक्कल माझी!

१८ तारीख, मंगळवार

रजा टाकली. मावशीला बजावलं, कोणीही येवो, दार उघडायचं नाही. ती म्हणाली, तुला ताप आलाय. खरं सांगते म्हणून पायाशी बसले तर केसांतून हात फिरवत राहिली. दारात उभ्या माणसाला परत पाठवणं तिच्याने व्हायचं नाही. जन्मात कधी झालं नाही.

कडी लावली. खुर्ची लावली.

१९ तारीख, बुधवार

पोस्टात जाऊन पोती अडवून ठेवा म्हणून हातापाया पडले. वाटप सकाळीच सुरू झालं, म्हणाले. जेमतेम अर्धा तास लागला मला. अर्धा तास—

घरी परतले तर दार सताड उघडं. खुर्ची नीट बाजूला ठेवलेली. आत ती पाचही जणं.

बायकोने मला पाणी दिलं. आमच्याच भांड्यातून, पाहुणीला देतात तसं. म्हणाली, तुमच्या मावशी फार दयाळू हो, आम्ही विचारायच्या आत हो म्हणाल्या.

मावशीचा चष्मा टेबलावर. चष्म्याशिवाय तिला चार पावलं जमत नाहीत.

त्या पुरुषाला विचारलं, मला जाता येईल का तिथे. म्हणाला, हो की, दाटीवाटीने का होईना, होईल एकीची सोय.

जागा माझ्या लिहिण्याने झाली. मग खिडकीही माझ्या लिहिण्यानेच होईल. मी जाते. वही घेतलीय, पेन घेतलंय. चष्मा घेतला.

—

अंधार. चाचपडत लिहितेय. वही कोणाच्या तरी पाठीवर.

मावशी सापडली. हात धरलाय तिने. म्हणते, आलीस कशाला गं, वेडे.

चष्मा लावला तिला. कोपर वळत नव्हतं, तरी लावला.

लिहिते. या जागेला पूर्वेला खिडकी आहे.

मावशी म्हणते, उजेड—उजेड दिसतो!

आहे. बोटभर, पण आहे. शिवणवाल्या बाई रडताहेत.

लिहिते. या जागेला दार आहे. रुंद. कडी आतून आहे. दार उघडतं—

उघडलं. उघडलं!

मावशी, चल, ढकल, पुढे हो—

कोणी बाहेर जात नाहीये. दारातून माणसं आत—हातात माझं पत्र—सगळ्यांच्या हातात—

मावशी, हात सोडू नको—मी लिहिते, जागा मोठी आहे, जागा खूप मोठी आ