दर मुलामागे

११ जुलै, शुक्रवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या थोरलीच्या दप्तरात घालते आहे. दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहायची वेळ आली, पण परवा दार वाजवलं तर तू आत असून उघडलं नाहीस.

इकडे सगळे बरे. ह्यांचा खोकला उतरला. माझे गुडघे माझ्यापाशीच आहेत, कुणी मागत नाही.

शाळेत बाक आले. कडा नीट घासलेल्या आहेत, मुलांचे कपडे फाटणार नाहीत. पालक समितीतले सगळे दमलेत. शिंपीदादा म्हणतात, "बाक आले, पण आपल्यात बसायचंही त्राण नाही."

परवा तुझ्या मधलीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "तिची जागा रिकामीच आहे. मुलं तिथे दप्तरं ठेवतात." मी बरं म्हटलं आणि भाजीला गेले. पिशवी रिकामीच घेऊन घरी आले.

आता लिहितेच. बाकांची वर्गणी घरटी घ्यायची की मुलामागे, यावर तीन बैठका झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "काटकसर तुम्हाला कळते, तुम्हीच सांगा." मी सांगितलं, दर मुलामागे पाचशे, ज्याचे येणार नाहीत त्याचं मूल चटईवर. मला ते फार न्यायाचं वाटलं. माझं एकच मूल शाळेत, म्हणून वाटलं. तू समितीला बोल लावत असशील. समितीनं नाही गं, ते मी ठरवलं.

तू हजार घेऊन आलीस. म्हणालीस, "ताई, दोघींचेच लिही. मधली घरी राहील, बाळाला सांभाळील. दोघी वर आणि एक खाली, हे माझ्याच्यानं बघवणार नाही." तुझ्यामागे रांग होती. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी मुकाट्यानं दोन पावत्या फाडल्या. घरी डब्यात माझे यात्रेचे चार हजार होते. तेव्हाही आठवले होते.

तेव्हापासून देवापुढे बसते, पण जप मोजता मोजता पावत्या मोजू लागते.

काल बैठकीत उभी राहिले. म्हटलं, आकडा माझा होता आणि तो चुकला. वर्गणी घरटी करा, ज्याला जमत नाही त्याला विचारू नका, तूट माझ्या डब्यातून भरा. मुख्याध्यापक म्हणाले, "ज्यांनी जास्त भरले ते भांडतील." शिंपीदादा म्हणाले, "भांडू देत. बसून भांडतील, बाक आहेत की!" हसता हसता ठराव झाला. चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

सोमवारी मधलीला पाठव. बाळाला मी सांभाळीन, रोज. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसतं दारातून बाळ हातात दे.

त्या दिवशी तुझ्याकडे मान वर करून न बघितलेली,
तुझी ताई