पुढे पळवलेली बाई

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६, पार्सिपनी

स्वस्ति श्री पार्सिपनीनगरभूषण, विनोदवाचस्पती, दूरनियंत्रकवंचित गृहस्वामी आम्ही आज सायंकाळी एका वृद्धेशी असत्य बोललो.

शेजारच्या रोझाबाईंनी तरुणपणी रोममध्ये एका गुन्हेपटात काम केले होते. त्यांनी दिलेली कॅसेट काल सहकुटुंब पाहिली; अर्थात कुलाचारानुसार, म्हणजे वस्त्र किंचित ढळताच सौभाग्यवती फास्ट फॉरवर्ड करतात.

आज जिन्यात बाईंनी विचारले, "मी कशी वाटले?"

"अप्रतिम!"

"टबमध्ये मरते तेव्हा? तेवढाच माझा प्रसंग."

"विशेषतः तेव्हाच!" त्यांचे डोळे भरून आले.

टब? कसला टब? घरी कन्येला विचारले.

"बाबा, दॅट पार्ट आईने फॉरवर्ड केला ना!"

मग एकट्याने पाहिला. गळा आवळला जाताना ती एक हात वर करते. अर्ध्या मिनिटाची भूमिका, आणि आम्ही तीही पळवली. तो हात डोळ्यांपुढून हटत नाही. थांबा म्हणत होती का? कोणाला?

उद्या कॅसेट परत देताना सत्य सांगून क्षमा मागावी, असा निश्चय केला. परंतु तो हात सातव्यांदा पाहताना फीत यंत्रात गुंतली. यंत्र कॅसेट सोडेना, आणि दुरुस्तीवाल्याचे दुकान सोमवारपर्यंत बंद.