एकाच आईचे दोघे, गोळी मात्र...

९ जाने.
कोन गावचे हिराजीशेठ पुन्हा आले. स्टेंटमध्ये दुसऱ्यांदा गुठळी. मुंबईच्या हार्टवाल्या डॉक्टरने काढली आणि वर सुनावलं, "गोळ्या चुकवता." पुढची गुठळी जीवच घेईल. बायको उसळली, "नाय वो डॉक्टरबाई, मी सोता देते. गिलंपर्यंत हलत नाय." खरं बोलतेय ती. मग रक्त पातळ करायची गोळी पोटात जाऊन करते काय? जनुकांची टेस्ट करून बघू? आजवर नुसतं वाचलेलं. गालाच्या आतून कापूस फिरवला, पाठवला. नवीन पनवेलच्या माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यातून!

१८ जाने.
आला रिपोर्ट! ती गोळी शरीरात बदलते, मगच काम करते. हिराजींच्या अंगात ती बदलतच नाही, जन्मापासून. बिचारा इमानदारीत खडू खात होता! हार्टवाल्याला फोन. "रिपोर्टचा फोटो पाठव," म्हणाला. दुसरी गोळी सुरू. केबिनमध्ये चक्क नाचले. कंपाउंडरने बघितलं. बघू दे.

२ फेब्रु.
हिराजी ठणठणीत. पण धाकटा काशिनाथ! त्यालाही स्टेंट, तीच जुनी गोळी. पठ्ठ्याने ती बंद करून भावाच्या पाकिटातली सुरू केली. "येकाच आयचं रगत, मंग गोली येगली कशी?" डोकं सटकलं. याला अल्सर, मागे रक्ताच्या उलट्या झालेल्या, आणि नवी गोळी जोरदार. हार्टवाल्याला विचारून जुनीवर परत आणला. टेस्ट कर म्हटलं, तर उठून चालता झाला.

५ फेब्रु.
त्याच्या बायकोने हळूच सांगितलं. रिपोर्ट भावापेक्षा वेगळा आला, तर गाव म्हणेल बाप वेगळा. अरे देवा! सख्ख्या भावांतही फरक असतो, सांगून घसा बसला. तरी काशिनाथ टेस्टला येईना.

७ फेब्रु.
त्यांची आई आली. काशिनाथला दंडाला धरून. "माजे दोनी पोरं. येक काला, येक गोरा. येकाला सुकट पचते, येकाला नाय. तवा कोन बोललं? उघड तोंड." उघडलं! कापूस गेला. म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं.

१६ फेब्रु.
रिपोर्ट आज येणार. सकाळपासून मेल उघडतेय, वेड्यासारखी. बाहेर बाकावर दोघे भाऊ, मध्ये आई. काशिनाथ कुजबुजला, "आये, येगला आला तर?"
"तर गोली येगली खा. जेवन माज्याच हातचं हाय."